शेवटची वायर

"अरे, मागचं बटण मधोमध आहे ना?" म्हाताऱ्याने खुर्चीतूनच विचारलं.

स्पीकरमागे उकिडव्या बसलेल्या दुकानदाराचा हात जरा रेंगाळला. "आहे, काका."

"हात लावू नकोस त्याला."

"नाही लावत."

नव्या वायरीच्या वेळी हे बोलणं ठरलेलं. स्पीकरच्या पाठीला, वायर जोडतात तिथंच, बारीक, टोकदार आवाज चढवण्या-उतरवण्याचं छोटं बटण होतं. स्पीकर घेतले त्याच दिवशी म्हाताऱ्याने त्यावरचा पांढरा ठिपका बरोबर मध्यावर आणून ठेवला होता. रेकॉर्डिंग स्टुडिओत जन्म काढलेला माणूस तो. बटणं पिळून आवाज गोड करणाऱ्यांची त्याला मनापासून चीड. "ज्याचे कान गेले त्याने ते फिरवावं," असं तो आल्यागेल्याला ऐकवायचा. हल्ली गुडघे वाकत नसत, म्हणून मागे वायरी जोडायचं काम दुकानदाराचं आणि धूळ पुसायचं बायकोचं.

बायको जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

दुकानदाराने टेप लावली. म्हाताऱ्याची सहा वर्षांची छकुली टेपवर गाऊ लागली तसे दुकानदाराने डोळे बारीक केले आणि मान जराशी बाजूला घेतली. म्हाताऱ्याचं तिकडे लक्ष नव्हतं. गाण्याशीही त्याला कर्तव्य नव्हतं. गाणं संपल्यावर छकुली एक श्वास घेई, काही बोलण्याआधी माणूस घेतो तसा. तेव्हा रेकॉर्ड करताना नेमकी तिथंच त्याने टेप थांबवली होती, गाणं झालं म्हणून. ती काय बोलणार होती हे विचारायचं राहून गेलं, आणि त्याच महिन्यात तापाने पोर गेली. फोटो होते, फ्रॉक होते. पण जिवंत म्हणावं असं तिचं एवढंच उरलं होतं.

गाणं संपलं. श्वास आला नाही.

"तुला आला का रे ऐकू?"

"मला काय कळतंय, काका? पोर तुमची. तुम्हालाच ओळखू येणार." दुकानदार पक्कड पिशवीत टाकत म्हणाला, "नवी आहे अजून. मुरू द्या."

मुरण्यावर म्हाताऱ्याचा विश्वास होता, कारण तो अनुभवाचा होता. काही वर्षांपूर्वी श्वास पहिल्यांदा हरवला तेव्हा त्याने जाड तांब्याची वायर आणली. त्या दिवशी काही नाही. चार-दोन दिवस गेले, बायकोची झाडलोट आटोपली, तो टेप लावून बसला आणि श्वास हजर! वर्षा-दीड वर्षाने पुन्हा गडप. मग चांदीचा मुलामा असलेली आणली, मग वेणीसारखी विणलेली. प्रत्येक वायर आधी मुकी असायची आणि मुरली की बोलायची.

बायको याची यथेच्छ टिंगल करी. ती घरी कपडे शिवायची, तोंडात टाचण्या धरूनच बोलायची. "वायरीने कधी आवाज बदलतो का, कानसेन? उद्या दिव्याची वायर बदला, म्हणजे उजेडही गोरा पडेल."

ते त्याला लागत नसे. लागायचं ते वेगळंच. टेप सुरू झाली की ती उठून जायची. आधी नुसतीच उठायची, पुढेपुढे तर आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची. पोटच्या पोरीचा आवाज, आणि आई दार लावते! एकदा त्याने विचारलंच.

"सोसत नाही हो," एवढंच ती म्हणाली.

इतक्या वर्षांनी कसलं सोसत नाही? त्याने ते मनात धरलं ते धरलंच. ती अंथरुणाला खिळली तेव्हाही तिचं एकच टुमणं होतं, स्पीकरमागची धूळ पुसायची राहिली. "पोरीपेक्षा तुला धुळीचं पडलंय," तो तिला फाडकन बोलला होता. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

म्हाताऱ्याने पैशांसाठी पाकीट काढलं.

"राहू द्या, काका. दुकान बंद करतोय. माझ्याकडची ही शेवटचीच." दुकानदार दारात घुटमळला. "काकू असत्या तर..."

"ती असती तर हसली असती."

दुकानदार चपला घालून निघून गेला.

वायर काही मुरेना. आठवडा गेला, महिना उलटला. म्हातारा रोज खुर्चीत बसून कानात प्राण आणून ऐकायचा. गाणं संपायचं आणि खोली भकास व्हायची. पोर गेली, बायको गेली, आणि आता पोर दुसऱ्यांदा गेली. उद्या उठायचं ते कशासाठी, हे त्याला सांगता आलं नसतं.

एका सकाळी तिरपं ऊन स्पीकरमागे पडलं आणि त्याला तिथं बोटभर साचलेली धूळ दिसली. जोडावर धूळ बसली की आवाज अडतो, हे त्याला स्टुडिओपासून ठाऊक होतं. एवढी साधी गोष्ट सुचली कशी नाही! त्याने शिवणाच्या टोपलीतून बायकोचं फडकं घेतलं आणि भिंतीला धरून, कण्हत, कितीतरी वर्षांनी तो गुडघ्यांवर बसला.

त्याने आधी वायर पुसली, मग जोड, मग बटण. पांढरा ठिपका मध्यावर नव्हता. तो उजवीकडे पार टोकाला जाऊन टेकला होता. मध्यापासून तिथपर्यंत स्पीकरच्या लाकडावर सुईने ओढलेल्या बारीक रेघा होत्या, शिवणाच्या मापासारख्या, एका वायरीला एक. शेवटची रेघ टोकावर होती. तिच्यापुढे आणखी एक ओढायला जागा नव्हती.