जपलेली काच

तळमजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात भिंतीला लांबलचक तडा गेला होता. इंजिनिअरने त्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली. भिंत अजून सरकत असेल तर काच तडकणार, इतकी सोपी परीक्षा. पण घाईत तो काकूंना एवढंच म्हणाला, "हिला जपा. धक्का लागू देऊ नका."

महिन्याने येऊन बघतो तर काच अख्खी, वर लख्ख पुसलेली. टांगणीला लागलेला त्याचा जीव भांड्यात पडला. भीतीने घर सोडून गेलेल्या वरच्या बिऱ्हाडांना त्याने तिथूनच फोन केले, "भिंत हलत नाहीये. खुशाल परत या."

दुपारपर्यंत जिन्यातून कपाटं, पलंग, कुणाच्या तान्ह्या बाळाचा पाळणा, सगळं वर चढलं. मग निरोप घेताना काकूंनी त्याला हळूच बाजूला घेतलं.

"साहेब, एक सांगते, रागावू नका. आम्ही बोटसुद्धा लावलं नाही हो, तरी तुमची काच सारखी तडकायची. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आमचे हे दर वेळी अगदी तश्शीच नवी आणून चिकटवायचे."