फोन नसलेली मुलगी

मोबाईलचा मुलांच्या वाढत्या मेंदूवर काय परिणाम होतो, याचा दहा वर्षांचा अभ्यास अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या एका संशोधन केंद्रानं सुरू केला. मार्लिसनं आपल्या आठ वर्षांच्या लेकीचं, अनिकाचं नाव लगेच घातलं. "फोन न वापरणारी मुलं आमच्यासाठी फार मोलाची आहेत," असं केंद्राच्या डॉ. फेल्टन म्हणाल्या, आणि मार्लिसनं ते मनावर घेतलं.

चौदाव्या वर्षी अनिका रडली. "आई, सगळ्यांचं सगळं फोनवरच ठरतं गं. मला कुणी विचारतसुद्धा नाही. डबासुद्धा एकटीच खाते मी."

"थोडी कळ काढ, राणी. तुझ्यामुळे लाखो मुलांचं भलं होणार आहे."

अनिकानं कळ काढली. ती अठरा वर्षांची झाली तेव्हा अहवाल आला. त्यात फोन नसलेल्या मुलांचा उल्लेखच नव्हता. मार्लिसनं डॉ. फेल्टनना फोन लावला.

"बाकी सगळ्यांच्या आईबापांनी मधेच फोन घेऊन दिले हो," त्या म्हणाल्या. "एकाच मुलीवरून निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून अनिकाची माहिती चार वर्षांपूर्वीच वगळली आम्ही."

मार्लिसनं फोन ठेवला. अनिका दारातच उभी होती.

"काय म्हणाल्या गं डॉक्टर?"

 

"तुझे खूप आभार मानलेत."