रिकामी ओळ

हॉस्पिटलची ऑपरेशनची यादी ओळीओळीने वाचून एकेका पेशंटला बोलावणं धाडणारा पायथनचा प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. रिकामी ओळ लागली की यादी संपली, थांबायचं, असं त्यात साधं सरळ ठरवून दिलं होतं.

“अरे, माझा नंबर कधी लागायचा?” वडील रोज फोन हातात धरून विचारायचे.

“बाबा, मशीन आहे ते. माणसासारखं कुणाला विसरत नाही. जरा धीर धरा.”

त्यांनी धरला, जीव होता तोवर.

ते गेल्यावर त्याने त्या यादीची फाईल पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी वाचली.



चाळिसाव्या नावाखाली क्लार्कबाईंनी, यादी सुटसुटीत दिसावी म्हणून, एक ओळ रिकामी सोडली होती, आणि तिच्याखालचं पहिलंच नाव वडिलांचं होतं.