ईटच्या शेडमधल्या दोन गाड्या

“आनखी काय खोट हाय हिच्यात?” आण्णासाहेबांनी पाचव्यांदा विचारलं आणि निळ्या गाडीखाली पाठीवर पडलेल्या नंदीशनं दात आवळले.

सकाळी तो पुण्याहून ईट गावी आला होता. जुन्या गाड्या पारखून देणं हा त्याचा धंदा. आण्णासाहेबांच्या शेतातल्या शेडमध्ये पन्नास वर्षांपूर्वीच्या दोन जपानी स्पोर्ट्स कार उभ्या होत्या. एक पांढरी डॅटसन, एक निळी टोयोटा सेलिका. बारा वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका शौकिनाकडून दोन्ही एकदमच घेतलेल्या. संग्राहकाच्या नजरेनं सरस कोणती, एवढंच सांगायचं होतं. काम दोन तासांचं. पण दुपार टळत आली तरी म्हातारा त्याला सोडायला तयार नव्हता.

पांढरीचा निकाल कधीच लागला होता. इंजिनावरचा नंबर बॉनेटखालच्या पाटीशी जुळत होता. काचा, घड्याळ, सीटचं रेक्झिन, सगळं मूळचं. पण नंदीश तिचं कौतुक करू लागला की आण्णासाहेब त्याला तोडायचे. “तिचं ऱ्हाऊ द्या. निळीचं बोला.”

निळीचं बोलावं तर तेही धड ऐकून घेत नव्हते. इंजिन दुसऱ्याच गाडीचं आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “नक्की?” खालचा पत्रा गंजलाय म्हटल्यावर स्वतः गुडघ्यावर बसून बघितला. त्यांना वाईट वाटत असेल म्हणून नंदीश म्हणाला, “थोडा खर्च केलात तर हिलाही मोल येईल.” तसा त्यांचा चेहरा आणखीच पडला.

खरं सांगितलं तरी पटत नाही, धीर दिला तरी चालत नाही. नंदीश गाडीखालून बाहेर आला. त्याचा शर्ट ग्रीसनं माखला होता आणि डोकं तापलं होतं.

“आण्णासाहेब, आता स्पष्टच सांगतो. ही गाडी संग्राहकांच्या कामाची नाही. कितीही डागडुजी करा, कुणी हिला हात लावणार नाही. नावालाच जुनी आहे ही!”

आपण जास्तच बोललो, असं नंदीशला वाटलं. सत्तरीच्या माणसाला असं तोडून बोलायला नको होतं.

“चालवली, खरचटली, तर कायबी नुकसान न्हाय?” आण्णासाहेबांनी हळूच विचारलं.

“कसलं नुकसान? इंजिन दणकट आहे, ब्रेक चांगले आहेत. खुशाल चालवा.”

आण्णासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून तोंड पुसलं. “साहेब, बारा वर्सं झाली. जो पारखी आला त्यो म्हनला, दोन्हीबी अनमोल हायती, रस्त्यावर काढू नका, किंमत जाईल. दर आयतवारी म्या जागेवरच चालू करतो अन् बंद करतो. गाड्या घेतल्या फिरायच्या हौसेनं, अन् बसलो राखनदार होऊन.”

नंदीश हातांचं ग्रीस पुसू लागला.

आण्णासाहेब मात्र निळ्या गाडीत जाऊन बसलेसुद्धा. इंजिन गुरगुरलं. गाडी शेडच्या दारातून बाहेर पडली आणि घराच्या अंगणात जाऊन थांबली. बायकोला मारलेली त्यांची हाक शेडपर्यंत ऐकू आली.

“कमल, अगं चपला घाल पायात! गाडी घावली आपल्याला!”