दुपारची घंटा

पाद्रीबाबांनी मुंबईहून खिशात ठेवायचं घड्याळ आणलं आणि आठ दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या चर्चची दुपारची घंटा एकदाही बाराला वाजलेली नाही. कधी वीस मिनिटं आधी, कधी पाव तास उशिरा. ते तणतणत घंटेखाली गेले.

"झेवियर, तू वेळ बघतोस तरी कुठे?"

घंटा वाजवणाऱ्या झेवियरने मान खाली घालून दोराशेजारी टांगलेल्या झोळीकडे बोट दाखवलं. आत त्याची चार महिन्यांची लेक झोपली होती.

"ही भुकेने उठली की घंटा मारतो, बाबा. घंटा झाली की खाडीवरच्या मिठागरात जेवणाची सुट्टी होते, आणि हिची आई पाजायला धावत येते."

"म्हणजे अख्खं गाव हिच्या भुकेवर जेवतं?"

एवढ्यात झोळी हलली. आतून टाहो निघाला. झेवियरचा हात दोराकडे गेला आणि घाबरून तिथेच थांबला.

पाद्रीबाबांनी घड्याळ पाहिलं. बाराला अजून सतरा मिनिटं होती. त्यांनी ते झग्याच्या खिशात टाकलं.

"अरे, बघतोस काय? बारा वाजले!"