दिव्यांचा माउसपॅड

"पांढरा करा ना, ताई. निळा डोळ्यांत खुपतो."

दुकानवालीने हसू दाबत बटण दोनदा दाबलं. माउसपॅडच्या कडेने धावणारा निळा उजेड आधी हिरवा झाला, मग पांढरा. गेले सात बुधवार ती हेच करत होती. चार वाजले की हे काका यायचे, दारातून शिरताना डोकं खाली घालायचे आणि तोच एक माउसपॅड पाहायला मागायचे. दार चांगलं उंच होतं आणि काका बेताच्या उंचीचे, तरी वाकायचे ते वाकायचेच. मग तासभर उलटसुलट विचारपूस व्हायची आणि निघताना ठरलेला शब्द: "बघू." तिच्या नवऱ्याने त्यांचं नावच बघूकाका ठेवलं होतं.

"पुढे ट्यूबच्या उजेडात काय कळणार?" काका म्हणाले. "आत नेऊन बघतो."

आत म्हणजे दुकान आणि मागची स्टॉकची खोली यांच्यामधली जुनी लाकडी चौकट. तिथे जरा अंधार असायचा. काका गुडघ्यांना दटावत खाली बसले आणि पॅड दोन्ही हातांनी धरून चौकटीजवळून सावकाश खालीवर फिरवू लागले. लांबलेली वायर सांभाळत दुकानवाली मागे उभी राहिली.

"रात्रभर चालू ठेवला तर तापत नाही ना?"

"नाही हो काका. मागच्या बुधवारी सांगितलं, त्याच्या आधीच्याही बुधवारी सांगितलं."

"विचारलेलं बरं. धाकटा अंधाराला फार घाबरतो."

या धाकट्यासाठीच तर ती इतकं सोसत होती. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, कुणासाठी घ्यायचाय? "धाकट्यासाठी. सात वर्षांचा. एवढा," असं म्हणून काकांनी कमरेच्या जरा वर हात धरून दाखवला होता. तिला आपलं लहानपण आठवलं होतं. तिचे वडील ती झोपेपर्यंत बाहेरचा दिवा जळत ठेवायचे आणि दाराची फट बोटभर उघडी. अंधाराला भिणाऱ्या पोराचं दुःख तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"आम्ही पोरं टॉर्चच्या काचेवर गोळ्यांचे कागद लावायचो," काका पॅडकडे बघत म्हणाले. "लाल, हिरवा, पिवळा. टेबलावर चादर टाकायची, चारी बाजूंनी खाली सोडायची आणि आत टॉर्च. झाला राजवाडा! जेवायला हाका मारून मारून आई दमायची. तुमच्या या डब्यावर सोळा रंग लिहिलेत. आमच्याकडे तीनच होते, पण राज्य मोठं होतं."

"मग घेऊन टाका की. धाकट्याचंही राज्य होऊ दे."

"बघू."

काउंटरवरून नवऱ्याने खोकून घेतलं. ती पुढे आली तसा तो दबक्या आवाजात म्हणाला, "शेवटचा पीस आहे, अगं. दोन गिऱ्हाइकं तू परत पाठवलीस, 'ठेवलाय' म्हणून. त्यांना काही घ्यायचं नाही. वेळ जात नाही म्हणून येतात."

"नातवासाठी आहे तो."

"नातवाला मिशा फुटतील तोवर."

तिला हसू आलं आणि त्याचं म्हणणं पटलंही. ती परत आत गेली.

"काका, आज मात्र ठरवाच. उद्या सुतार येतोय. दुकान नवं करतोय. उरलेला माल परत जाणार आणि सगळीकडे फळ्या ठोकणार."

पॅड फिरवणारे हात थांबले.

"सगळीकडे?"

"भिंतींना, चौकटीला, सगळीकडे."

"चौकटीलासुद्धा?"

"चौकटीलाच आधी. रंगाचे थर बघा की किती चढलेत! आम्ही भाड्याने घेतलं तेव्हापासून ती अशीच आहे. राहत्या घराचं दुकान केलेलं, पुढचं ठेंगणं दार तेवढं उंच केलेलं, कशाला कशाचा मेळ नाही."

काकांनी पॅड अलगद खाली ठेवला.

"किती वाजता येतो सुतार?"

"नऊला."

"मग घेतो."

"अहो, ऐकलंत का?" ती तिथूनच ओरडली. "काकांनी एकदाचं बघितलं!"

नवरा खुर्चीवरून उठून आत आला आणि त्याने चक्क टाळ्या वाजवल्या. काकाही हसले. त्यांनी पैसे दिले. ती खोका आणायला वळली, तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं.

"बांधू नका. इथेच राहू दे, चौकटीला टेकवून. ते स्टूल घ्या खाली. पांढराच ठेवा. सुतार येईपर्यंत बंद करू नका, एवढं कराल?"

"अहो, पण धाकटा?"

"त्याच्याचसाठी."

चौकटीवर तळवा टेकून ते उठले. उठल्यावरही हात तसाच राहिला, घटकाभर. मग दारापाशी डोकं खाली घालून ते बाहेर पडले. आज "बघू" म्हणाले नाहीत.

"काकांचा फ्यूज उडाला," नवरा म्हणाला. "पैसे देऊन वस्तू इथेच!"

सांगितलं होतं तसं तिने पॅड स्टुलावर उभा करून चौकटीला टेकवला. वायर नीट करायला खाली वाकली आणि तशीच थांबली.

तिरप्या उजेडात रंगाखालून रेघा वर आल्या होत्या. आडव्या, चाकूने कोरलेल्या, शेजारी शेजारी दोन रांगा. डावीकडे खाली 'थोरला' आणि उजवीकडे 'धाकटा'. प्रत्येक रेघेपाशी एक आकडा. तिने उजवीकडच्या रेघांवरून बोट वर वर नेलं. तीन. चार. पाच. सहा. सात. सातची रेघ तिच्या कमरेच्या जरा वर होती.

त्या रेघेच्या वर लाकूड कोरं होतं. डावीकडे मात्र रेघा चढतच गेल्या होत्या: अकरा, बारा, तेरा, चौदा.