निरोगी प्रतिकृतीचा निकाल

"केतकीच्या हृदयावर औषधाचा काहीही परिणाम दिसला नाही," अनुमती समितीचे अध्यक्ष डॉ. सबनीस म्हणाले. "सबब परवानगी नाही."

त्यांच्या समोरच्या पडद्यावर एकोणीस वर्षांच्या केतकीच्या हृदयाची संगणकीय प्रतिकृती एका लयीत धडधडत होती. खरे हृदय शेजारच्या अतिदक्षता विभागात होते, विषाणूने सुजलेले आणि तासागणिक थकत चाललेले. कायद्यानुसार प्रत्येक नवा उपचार आधी प्रतिकृतीवर सिद्ध व्हावा लागे.

"या औषधाने पेशींत शिरणारे कॅल्शियम रोखले तर सूज उतरते का, हे पाहायचे होते, सर," केतकीवर उपचार करणारी डॉ. मृणाल टिळेकर म्हणाली. "प्रतिकृतीला विषाणूची बाधा केली होती ना?"

"छे. प्रतिकृतीला मुद्दाम आजारी पाडणे नीतिनियमांत बसत नाही."

"म्हणजे धडधाकट हृदयाला औषध दिले, आणि ते बरे झाले नाही म्हणून औषध नापास?"

"आवाज खाली, डॉक्टर. नियम रुग्णाच्या हितासाठीच आहेत."

"ती मुलगी शेजारी मरते आहे, सर. तुम्ही तिच्या चित्राची प्रकृती जपताय."

मृणाल उठून थेट अतिदक्षता विभागात, केतकीचा हात धरून बसलेल्या तिच्या आईकडे गेली. उंदरांवरच्या चाचण्यांत या औषधाने आशा दाखवली आहे, माणसांबाबत पुरावा तोकडा आहे आणि परवानगी नाकारली आहे, हे तिने काहीही न लपवता सांगितले.

"मग देणार कसं?" आईने विचारले.

"माझ्या जबाबदारीवर. बहुधा नोकरी जाईल."

"गुण येईल?"

"ठाऊक नाही, काकू. पण या खेपेला औषध आजारी हृदयाला मिळेल."

आईने केतकीचा हात सोडला आणि डॉक्टरला खाटेजवळ जागा करून दिली.